हातातला बिनतारी संच : नवागतांसाठी

तळहातावर मावणारा, वजनाला पाव किलोच्या आसपास असलेला, दोन-तीन हजार रुपयांत मिळणारा आणि जाहिरातीत लांबलांबच्या पल्ल्याची ग्वाही देणारा बिनतारी संच दृष्टीस पडला म्हणजे, ज्याला रेडिओची मुळातच गोडी आहे अशा गृहस्थाच्या मनात तो तत्काळ विकत घ्यावा अशी इच्छा उत्पन्न होते. आणि ती अनुचित आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु हॅम, म्हणजे हौशी, रेडिओच्या छंदात पाऊल टाकू पाहणाऱ्यास प्रारंभीच सांगितले पाहिजे, की या सगळ्या व्यवहारात संच ही सर्वांत सुलभ आणि सर्वांत दुय्यम वस्तू आहे. त्याच्या आधी परवाना यावा लागतो, त्याच्या माथ्यावर बरी अँटेना यावी लागते, आणि तो हाती धरणाऱ्यास बोलण्याआधी ऐकण्याची सवय असावी लागते. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे संच बहुधा कपाटाच्या खणात विसावलेले असतात.

भारतात या हौशी रेडिओसेवेचा अंमल दूरसंचार विभागाच्या ज्या शाखेकडे आहे तिला वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, अर्थात डब्ल्यूपीसी, असे म्हणतात; १९७८ साली झालेले आणि पुढे वेळोवेळी दुरुस्त केलेले हौशी सेवेचे नियम हे तिचे अधिष्ठान होय. परवान्याच्या श्रेणी दोन : जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीय नागरिकास परीक्षेस बसता येते. परीक्षेत एक भाग विद्युत् व रेडिओशास्त्राच्या मूलतत्त्वांचा आणि दुसरा नियमांचा असतो. शालेय पदार्थविज्ञान ज्याच्या अगदीच विस्मरणात गेलेले नाही अशास तो दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासाने आटोक्यात येतो. जनरल श्रेणीसाठी याखेरीज मिनिटास आठ शब्द या गतीने मोर्स लिपी घेता व पाठविता यावी लागते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीस मोर्सची अट नाही, आणि हातातल्या संचावर बोलण्यासाठी ती श्रेणी पुरेशी आहे. अर्ज 'सरल संचार' या शासकीय संकेतस्थळावर भरावयाचा. शुल्क वीस वर्षांच्या मुदतीस एक हजार आणि आजीवन परवान्यास दोन हजार रुपये आहे; तेव्हा या छंदातील सर्वांत मौल्यवान कागद हाच सर्वांत स्वस्तही आहे असे म्हणण्यास हरकत नाही. परवान्याबरोबर संकेतनाम मिळते. जनरल श्रेणीचे संकेतनाम व्हीयू२ ने आणि रिस्ट्रिक्टेडचे व्हीयू३ ने आरंभ होते. व्हीयू२आरजी हे संकेतनाम राजीव गांधींचे होते, ही गोष्ट जुने हॅम अद्याप अभिमानाने सांगतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संच केवळ ऐकण्यासाठी घरात ठेवला, बोलण्याची कळ दाबली नाही, तर परवाना कशाला, असा प्रश्न नवागत हमखास विचारतो. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे तत्त्व असे चालत आले आहे, की प्रक्षेपण करू शकणारे यंत्र नुसते बाळगण्यासही सनद लागते. सबब 'मी बोललो नाही' हा बचाव कामास येत नाही. ऑनलाइन बाजारपेठांत हे संच खेळण्यांच्या शेजारी मांडलेले दिसत, त्याबद्दल २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक कंपन्यांना नोटिसा काढल्या, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानी यावे. ज्याला फक्त गिर्यारोहणात चार मित्रांशी बोलावयाचे आहे, परीक्षा वगैरे नको आहे, त्याने ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातील, अल्पशक्तीचे आणि शासनमान्य जातीचे संच घ्यावेत. त्याचे काम तेवढ्यात भागते. हॅम रेडिओ हा निराळा मार्ग आहे, आणि पुढील मजकूर त्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी आहे.

परवाना हाती आल्यावर कोणता संच घ्यावा? नवागताने दोन पट्ट्यांवर चालणारा, म्हणजे दोन मीटरच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटीमीटरच्या ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या भारतातील हौशी पट्ट्यांवर बोलू शकणारा, चार-पाच वॅट शक्तीचा साधा एफएम संच घ्यावा. बाओफेंगचा यूव्ही-५आर हा स्वस्त चिनी संच जगभर असंख्य नवशिक्यांचा पहिला संच ठरला आहे; येसू आणि आयकॉम या जपानी कंपन्यांचे संच महाग, परंतु त्यांची ग्रहणशक्ती अधिक निर्मळ, आणि शहरात जेथे टीव्ही-मोबाइलच्या मनोऱ्यांचा गोंगाट सर्वत्र भरून राहिलेला असतो तेथे हा फरक कानाला जाणवतो. माझे मत विचाराल तर पहिला संच स्वस्तातला घ्यावा, आणि वाचलेला पैसा अँटेनावर खर्चावा. मात्र स्वस्त संचात एक धोका अंगभूत असतो : त्यांतील बरेचसे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कोठेही प्रक्षेपण करू शकतात. कोकणच्या किनाऱ्यावर बोटी ज्या वारंवारतेवर संकटाची हाक देतात ती १५६.८ मेगाहर्ट्झची सागरी वाहिनीही त्यात येते, आणि पोलिसांसह अन्य सेवांच्या वाहिन्याही येतात. संच घरी आल्याबरोबर पहिले काम कोणते करावे, तर त्याचे प्रक्षेपण केवळ हौशी पट्ट्यांपुरते मर्यादित करून टाकावे. चर्प या विनामूल्य संगणक प्रणालीने ते बऱ्याच संचांत करता येते. खरेदीची पावती आणि परवान्याची प्रत जवळ बाळगावी, हे वेगळे सांगावयास नकोच.

आता पल्ल्याविषयी, कारण निराशेचे मूळ येथेच असते. या लहरी बव्हंशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडे किंचितच वाकतात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणले असता रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते, असा एक सोपा हिशेब आहे. सपाट मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील संच जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरला तर त्याचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर. दोन माणसे असली तर दोहोंचे मिळून दहा, आणि मध्ये इमारती, झाडे, टेकाडे आली की त्यातलेही दोन-तीनच उरतात. तोच संच घेऊन पंचवीस मीटर उंचीच्या गच्चीवर जावे, क्षितिज वीस किलोमीटरपर्यंत सरकते. पुण्याच्या पातळीपेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच असलेल्या सिंहगडावर गेले तर हेच गणित शंभर किलोमीटरपलीकडे पोहोचते. आणि १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरून समुद्रसपाटीच्या हिशेबाने ते दीडशेच्याही पुढे जाते, अर्थात वाटेत सह्याद्रीची एखादी रांग आडवी आली नाही तर. यांपैकी प्रत्येक ठिकाणी संचाची शक्ती तीच, पाच वॅट, आहे हे लक्षात घ्यावे. उलट पाच वॅटचा संच एक वॅटवर आणला तर समोरच्याच्या मापकावर संकेताची पातळी एखाद्या पायरीने उतरते, आणि बॅटरी मात्र पुष्कळ अधिक टिकते. म्हणून आठ वॅट, दहा वॅट अशा मोठमोठ्या आकड्यांवर भाळणाऱ्या ग्राहकाने त्यापेक्षा जिना चढावा. डोंगरांनी भरलेल्या या महाराष्ट्र देशात ज्याला पायी चढण्याची आवड आहे त्याच्यासारखा भाग्यवान हॅम नाही!

संचाबरोबर जी आखूड, रबरी आवरणाची अँटेना मिळते तिला हॅम मंडळी 'रबर डक' म्हणतात. ती खिशात अडत नाही, मोडत नाही, हे तिचे गुण. प्रक्षेपणाच्या बाबतीत मात्र ती एक तडजोड आहे. दोन मीटर पट्ट्यावर तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अँटेनाची लांबी सुमारे एकोणपन्नास-पन्नास सेंटीमीटर भरते. पंधरा सेंटीमीटरच्या रबरात गुंडाळलेली तार तिची बरोबरी कशी करणार? पहिली सुधारणा म्हणून साधारण चाळीस सेंटीमीटर लांबीची लवचीक अँटेना घ्यावी. नागोया कंपनीची एनए-७७१ ही या जातीत प्रसिद्ध आहे, आणि प्रसिद्ध असल्यामुळेच तिच्या नकला बाजारात मुबलक आहेत. अतिस्वस्त दिसली की शंका घ्यावी. खरेदीपूर्वी संचावरील जोडणीची जात पाहावी, कारण बाओफेंगसारख्या संचांवर मधली टाचणी बाहेर आलेली असते आणि येसू-आयकॉमच्या संचांवर तेथे छिद्र असते. एकाची अँटेना दुसऱ्यास बसत नाही. अँटेना न लावता बोलण्याची कळ कदापि दाबू नये, अन्यथा प्रक्षेपणाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो.

याहूनही स्वस्त एक युक्ती आहे, जिच्याकडे नवागत सहसा लक्ष देत नाही. अँटेना ही जोडीने काम करणारी वस्तू आहे. वरच्या दांड्याला खालून दुसरा अर्धा भाग लागतो, आणि हातातील संचात तो भाग म्हणजे संचाचा छोटा सांगाडा व धरणाऱ्याचा हात एवढाच असतो. एकोणपन्नास सेंटीमीटर लांबीची साधी तार अँटेनाच्या बुडाशी, जोडणीच्या बाहेरच्या धातूच्या कड्यास घट्ट स्पर्श करील अशी बसवून खाली लोंबकळत सोडली, तर दोन मीटर पट्ट्यावरील काम स्पष्टपणे सुधारते. इंग्रजीभाषक हॅम तिला वाघाचे शेपूट म्हणतात. खर्च काही रुपयांचा, आणि कोणत्याही विजेच्या दुकानातील तुकडा चालतो. संच उभा धरावा, अँटेना उभी राहील असा धरावा, हेही येथेच सांगून टाकतो. रिपीटरच्या, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या उंचावरील यंत्राच्या, अँटेना उभ्या असतात, आणि संच आडवा धरून बोलणारा आपल्याच हाताने आपला आवाज क्षीण करून घेतो.

घरातून बोलावयाचे असेल तर गच्चीवर किंवा खिडकीबाहेर स्वतंत्र अँटेना लावण्यास पर्याय नाही. तीनशे ओहमच्या चपट्या पट्टीपासून बनविलेली, गुंडाळून पिशवीत ठेवता येणारी आणि झाडाच्या फांदीस दोरीने टांगता येणारी स्लिम जिम जातीची अँटेना नवशिक्यास घरी करता येते, आणि प्रवासातही ती सोबत नेता येते. परंतु अँटेना उत्तम आणि केबल निकृष्ट, असे झाले तर गळक्या पाटाने शेताला पाणी नेल्यासारखे होते. आरजी-५८ ही बारीक केबल दहा मीटर लांबीत दोन मीटर पट्ट्यावरील शक्तीचा जवळजवळ एक तृतीयांश आणि सत्तर सेंटीमीटरवरील निम्म्याहून अधिक हिस्सा वाटेतच उष्णतेच्या रूपाने गमावते. दहा मीटरच्या वर केबल जाणार असेल तर आरजी-२१३ सारखी जाड केबल घ्यावी, किंवा केबल आखूड करून स्वतःच गच्चीवर जाऊन बसावे. दुसरा उपाय फुकट आहे. जाड केबल संचाच्या नाजूक जोडणीस थेट लावू नये, तिच्या वजनाने जोडणी ढिली होते. मध्ये हातभर बारीक, लवचीक केबलचा तुकडा घालावा. वळवाच्या दिवसांत, ढग गडगडू लागले की बाहेरची केबल संचापासून काढून खिडकीबाहेर टाकावी. आणि अँटेना उभारताना वीज मंडळाच्या तारांपासून, ती खाली कोसळली तरी पोहोचणार नाही इतके अंतर राखावे. या एका बाबतीत घाई प्राणावर बेतते.

बॅटरीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, परंतु जे आहे ते पाळावे. लिथियम जातीची बॅटरी उष्णतेने म्हातारी होते. वैशाखात विदर्भात मोटारीच्या काचेमागे संच ठेवून जाणे म्हणजे तिचे आयुष्य जाणूनबुजून तोडणे होय. संच महिना-दोन महिने वापरावयाचा नसेल तर बॅटरी सुमारे निम्मी भरून वेगळी काढून ठेवावी. एक जादा बॅटरी असावीच, आणि ज्या संचास मिळत असेल त्यास सुट्या एए सेलांची पेटीही घेऊन ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हा अनेक वस्त्यांतून वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी भिंतीवरचा चार्जर निरुपयोगी ठरतो, आणि गावच्या किराणा दुकानात मिळणारा सेल कामास येतो. पावसाळ्यात संच, बॅटरी आणि माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

इतर साहित्याची यादी जाहिरातवाले लांबलचक देतील, तिच्यापैकी खांद्यावर अडकविण्याचा स्पीकर-माइक उपयुक्त आहे, कारण त्यामुळे संच उंच धरता येतो आणि तो चेहऱ्यापासून दूर राहतो. संगणकास जोडणारी केबल घ्यावी. मात्र नकली चिप असलेल्या स्वस्त केबली संगणक ओळखत नाही आणि दोष नवशिक्या संचास देत बसतो, म्हणून चार पैसे अधिक देऊन खरी केबल घ्यावी. चामड्याची पिशवी, रंगीत दिवा, कानातली तार यांवाचून कोणाचे अडत नाही.

दोन हातसंच परस्परांस ऐकू येत नसले तरी उंच जागी बसविलेला रिपीटर दोहोंस ऐकतो आणि एका वारंवारतेवर आलेला आवाज दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करतो. शहरी हॅमचा बहुतेक संवाद त्याच्याच आश्रयाने चालतो. संचात तीन गोष्टी अचूक भराव्यात : रिपीटरची बाहेर पडणारी वारंवारता, दोन मीटर पट्ट्यावर आत जाणाऱ्या वारंवारतेचे अंतर, जे सर्वसाधारणतः ६०० किलोहर्ट्झ खाली असते, आणि जेथे असेल तेथे तो सूक्ष्म, कानास न ऐकू येणारा स्वर, ज्याच्यावाचून रिपीटर आपले दार उघडत नाही. आपल्या भागातील नेमके आकडे स्थानिक हॅमकडून घ्यावेत, कारण ते बदलतात आणि इंटरनेटवरील याद्या जुन्या असतात. संचातील 'रॉजर बीप' बंद करावी. ती ऐकणाऱ्याच्या कानास इतकी टोचते की केवळ तिच्यावरून नवागत ओळखला जातो. आवाजावर आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोयही बंदच असू द्यावी, नाहीतर घरातील कुकरची शिटी सगळ्या जिल्ह्यास ऐकविली जाते.

आता बोलण्याची रीत. आधी निदान आठवडाभर ऐकावे. कोण कोणाशी कसे बोलतो, मध्ये किती थांबतो, निरोप कसा घेतो, हे कानांनीच कळते. बोलावयाचे झाले की कळ दाबावी, क्षणभर थांबावे, कारण रिपीटरला जागे होण्यास वेळ लागतो आणि घाईने बोललेला पहिला शब्द तो गिळतो. मग माइक तोंडापासून चार-पाच बोटे अंतरावर धरून, न ओरडता, आपले संकेतनाम स्पष्ट उच्चारावे. अक्षरे अल्फा, ब्राव्हो, चार्ली या आंतरराष्ट्रीय पद्धतीने सांगावीत. मराठीत गप्पा चालत असतानाही संकेतनाम याच पद्धतीने सांगण्याचा प्रघात आहे आणि तो योग्य आहे. दोघांच्या संभाषणात प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांची फट ठेवावी, न जाणो एखाद्या संकटग्रस्तास तीत शिरावयाचे असेल. व्यापारी मजकूर, चित्रपटगीते, रेडिओवरील कार्यक्रम यांचे प्रक्षेपण नियमबाह्य आहे. सांकेतिक गूढ भाषाही निषिद्ध आहे. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, वारंवारता आणि समोरच्याचे संकेतनाम नोंदवहीत रुजू करावे.

आपत्तीतील सेवा हा हॅमच्या प्रतिष्ठेचा आधार आहे, पण त्याबाबतीत हातसंचाची मर्यादा ओळखावी. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचे दळणवळण तोडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये योगायोगाने असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य भूमीशी जो संपर्क राखला तो लघुलहरींच्या मोठ्या संचांवरून होता. हजार किलोमीटर ओलांडणे हे पाच वॅटच्या एफएम संचाचे काम नव्हे. हातसंचाचे काम तालुक्यातले, छावणी आणि नियंत्रण कक्ष यांच्या मधले, पूल आणि शाळा यांच्या मधले आहे, आणि तेही कमी मोलाचे नाही.

एका बाबतीत मात्र हा छोटा संच आपल्या मर्यादेपलीकडे झेप घेतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जाताना, त्यावरील हौशी रिपीटर चालू असेल तर, ४३७.८ मेगाहर्ट्झवर तो साध्या हातसंचावरही ऐकू येतो; मध्ये ना इमारत, ना डोंगर. स्थानक दहाएक मिनिटे क्षितिजावर असते. जवळ येताना वारंवारता किंचित चढलेली भासते म्हणून आरंभी ४३७.८१० लावावी आणि पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी ४३७.७९० पर्यंत उतरत जावे. अँटेना स्थानकाच्या दिशेने रोखू नये, ती त्याच्या दिशेशी काटकोनात धरावी, कारण टोकातून ती सर्वांत कमी ऐकते. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा हौशी उपग्रह सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत जगभरच्या हॅमच्या उपयोगी पडला.

हे सारे पुस्तकावरून जेवढे कळते त्याहून अधिक एखाद्या परवानाधारकाच्या शेजारी बसून संध्याकाळभर ऐकल्याने कळते. अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ आणि मुंबईची मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटी या संस्था नवागतांस मार्गदर्शन करतात, आणि या छंदातील ज्येष्ठांना शिकविण्याचा कंटाळा सहसा नसतो. परीक्षा होऊन परवाना हाती येईपर्यंत बरेच दिवस जातात. म्हणून वाचकाने अर्ज याच महिन्यात भरावा, आणि संचाची निवड परवान्याची वाट पाहता पाहता निवांतपणे करावी.